खोडलेलं ‘असावेत’

सर,

परवा नववीच्या वर्गात एका मुलीने मला विचारलं, "मॅडम, अनुमान आणि अंदाज एकच का?" मी फळ्यावर प्रयोगवहीचे रकाने आखून दाखवत होते. कृती, निरीक्षण, अनुमान. माझा खडू तिथेच थांबला. "उद्या सांगते," म्हटलं तिला. दुसऱ्या दिवशी सांगितलं नाही आणि तिनेही पुन्हा विचारलं नाही. मुलं फार वेळ वाट बघत नाहीत. आज शनिवार, सकाळची शाळा सुटून तास झाला. शिपाई खालचे वर्ग बंद करत येतोय आणि मी प्रयोगशाळेत तुमच्या त्या एका बाजूला कलणाऱ्या खुर्चीत बसून हे लिहितेय. तुम्हाला जाऊन सहा वर्षं झाली. तिच्या प्रश्नाचं उत्तर मला येत नाही असं नाही, तुम्हीच शिकवलंय ते. पण ते माझ्या तोंडून निघायचं तर आधी तुम्हाला काही सांगायला हवं. तुम्ही होतात तेव्हा ते सांगितलं नाही.

मी स्वतः नववीत होते तेव्हाची गोष्ट तुम्हाला आठवत असेल की नाही कोण जाणे. कुडपणहून खाली येऊन पोलादपुरात मावशीकडे राहून शिकत होते मी. घरी वडील प्यायचे, म्हणून आईने मला खाली धाडलं होतं. पहिलं यायचं हा एकच ध्यास होता तेव्हा. त्या दिवशी तुम्ही प्रत्येकीच्या हातात एकेक परीक्षानळी दिलीत आणि लिटमस कागद दिलात. मी कागद बुडवायच्या आधीच वही भरून ठेवली होती. निळा लिटमस तांबडा होतो, म्हणून पदार्थ आम्लधर्मी आहे. मागच्या वर्षीच्या मुलीची वही होती ना माझ्याकडे. कागद बुडवला, तो निळाच राहिला. मला वाटलं, कागद जुना असेल. वही तशीच दिली. तुम्ही माझ्या नळीतलं पाणी सगळ्यांसमोर ग्लासात ओतलंत आणि पिऊन टाकलंत. नळाचं साधं पाणी होतं ते. वर्ग हसला. तुम्ही हसला नाहीत. "तू हे पाहिलंस, की तुला आधीच माहीत होतं?" एवढंच विचारलंत, आवाजही चढवला नाहीत. आणि मग तुम्ही जे म्हणालात ते मी अनेक वर्षं माझ्या मुलांना तुमच्या नावाशिवाय सांगत आले. "ज्याला आधीच माहीत असतं ना, त्याला दिसायचं बंद होतं."

त्याच वर्षी प्रतापगडची सहल निघाली. आंबेनळी घाटात आपली एसटी तापली, कंडक्टर पाणी आणायला गेला आणि तुम्ही आम्हाला खाली उतरवलंत. मुलं धिंगाणा घालतील म्हणून असेल, तुम्ही वरच्या फांद्यांकडे बोट केलंत. काय दिसतं सांगा. फांद्यांना पेंढ्याच्या काड्या लोंबत होत्या, आपल्या डोक्याच्या बऱ्याच वर. कुणीतरी ओरडलं, "पेंढ्याचा ट्रक गेला!" तुम्ही म्हणालात, ट्रक तुला दिसला का? नाही ना? मग 'गेला' म्हणू नकोस, 'गेला असणार' म्हण. काड्या दिसल्या हे निरीक्षण, त्यांच्यावरून ट्रक हे अनुमान. मग विचारलंत, वर गेला की खाली? मला तेव्हा दिसलं की काड्या फक्त चढणीच्या डाव्या बाजूच्या झाडांना आहेत, समोरच्या झाडांना एकही नाही. "सर, वर गेला असावा," मी म्हटलं. तुमचा चेहरा खुलला. "बघा, ही 'असावा' म्हणाली. तर्काने चाललीय, पण पाय जमिनीवर आहेत." मग मागून एकीने सांगितलं की तो पेंढा महाबळेश्वरच्या घोड्यांसाठी नेला असेल, आणि सगळे खिदळले. तुम्हीही हसलात. "असेल की. पण हा नुसता अंदाज. बसल्या बसल्या कितीही करा, वहीत त्याला रकाना नाही." आणि निष्कर्ष, सर? तो मी विचारला होता. दुसरं काहीच शक्य उरलं नाही की मग निष्कर्ष, म्हणालात. तोपर्यंत 'असेल', 'असावा', 'असणार' यांच्यात राहायला शिका, मराठीने एवढे शब्द उगीच नाही दिलेत आपल्याला.

मी बी.एस्सी. करून, बी.एड. करून याच शाळेत विज्ञानाला लागले, तेव्हा तुम्ही शिक्षकखोलीतल्या तुमच्या टेबलाचा एक खण रिकामा करून दिलात. सगळ्यांसमोर म्हणालात, "ही माझी विद्यार्थिनी. आता माझी सहकारी." मी तुम्हाला सर म्हणत राहिले आणि तुम्ही मला 'मॅडम' म्हणायला लागलात, त्याची मला इतकी लाज वाटायची की पहिले काही महिने मी ऐकू न आल्यासारखं करायची. नऊ वर्षं आपण एका टेबलाशी बसलो. तुम्ही महाडहून रोज सकाळच्या एसटीने यायचात, मी इथे खोली घेऊन राहत होते. मधल्या सुट्टीत आपल्या दोघांत एक चहा मागवायचा आणि बशीत वाटून घ्यायचा, ही पद्धत तुम्हीच पाडलेली.

मग ते सुरू झालं. नक्की केव्हा ते मला सांगता येत नाही. आधी तुम्ही तुमच्या वाट्याचा चहाही अर्धाच घ्यायला लागलात. मग फळ्यावरची ओळ डावीकडून निघून उजवीकडे उतरत जायला लागली. जिना चढताना तुम्ही भिंतीला हात लावायचात. बोलताना जीभ जड झाल्यासारखी वाटायची, विशेषतः लांब शब्दांना. वर्गात दोनदा बाकाला अडखळलात, आणि एकदा ब्युरेट हातातून सुटून फुटलं. शिक्षकखोलीत तुम्ही बाहेर गेलात की माणसं एकमेकांकडे बघायची. कुणी काही म्हणायचं नाही, अंगठा तेवढा ओठांकडे न्यायचं. मी पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा चिडले. पण एकदा ते बघितल्यावर मला तुमच्यात तेच दिसायला लागलं. सर, मी दारूच्या घरात वाढलेली. झोक जाणारी पावलं, जड जीभ, मधेच अकारण येणारं हसू, हे सगळं मला आधीच माहीत होतं. आणि एके दिवशी प्रयोगशाळेत तुम्ही माझ्या शेजारून गेलात आणि तुमच्या शर्टाला स्पिरिटचा वास आला.

तुमच्या बाहीवर निळसर डाग होता. दिव्यांत ते निळं स्पिरिट भरायचं काम तुम्ही कधी शिपायावर सोडलं नाहीत. हात थरथरत असेल तर ते नरसाळ्याबाहेर सांडणार आणि बाहीवर येणार, हे आठवीतल्या मुलानेही सांगितलं असतं. मी विज्ञानाची शिक्षिका. डाग मी पाहिला होता. तरी त्याचं काही झालं नाही माझ्या डोक्यात.

आई तेव्हा कुडपणहून माझ्याकडे आली होती, डोळे दाखवायला. संध्याकाळी मी तिला घेऊन स्टँडवर गेले होते. तुम्ही महाडची गाडी पकडायला फलाटाकडे चालला होतात. मी तिला हळूच म्हटलं, बघ ना, सर किती चांगले होते, आता हे असं. आईने तुमच्याकडे बराच वेळ पाहिलं, डोळे बारीक करून. "दारू नाय गो ही," ती म्हणाली.

"तुला काय कळतं?" मी म्हटलं.

"मला नाय तर कुनाला कळनार? तुझ्या बापासंगं बावीस वर्सं काढली मी. प्यालेल्या मानसाला वाटतं, आपन सरळच चाललोय. हे सर भिऊन चालतायत बघ. पाय टाकायच्या आधी जमीन बघतायत. दुसरं कायतरी दुखणं हाय त्यांना. त्यांच्या घरच्यांना सांग गो."

तिचा मोतीबिंदू पिकला होता, सर. त्या डोळ्यांनी तिने ते पाहिलं. मी तिला म्हटलं, चल, थंडी वाजेल तुला.

पुढच्याच महिन्यात तुम्ही आठवीच्या तासाला मुलींच्या बाकावर पडलात. एका मुलीच्या हाताला लागलं, तिचे वडील शाळेत येऊन ओरडून गेले, लेखी तक्रार देऊन गेले. हेडसरांनी मला बोलावलं. ते वाईट माणूस नव्हते, त्यांना प्रकरण लवकर मिटवायचं होतं. म्हणाले, तुम्ही त्यांच्या शेजारी बसता, प्रयोगशाळेत बरोबर असता, तुमचा जबाब महत्त्वाचा. जे पाहिलंत ते लिहा. मी त्यांच्या टेबलासमोर बसून एक पान लिहिलं. शेवटचं वाक्य असं होतं: सर मद्यप्राशन करून शाळेत येत असावेत. हेडसरांनी वाचलं आणि कागद माझ्याकडे परत सरकवला.

"हे 'असावेत' काय आहे, मॅडम? असावेत-नसावेतवर चालत नाही. तुम्हाला वास आला ना?"

"आला."

"चालताना तोल जातो ना?"

"जातो."

"मग स्पष्ट लिहा की."

मी 'असावेत'वर रेघ मारली. वरती 'येतात' लिहिलं, त्याच्या आधीचा 'येत'सुद्धा खोडला, वाक्य नीट जुळतंय का ते एकदा मनात वाचून पाहिलं आणि सही केली. मला त्या वेळी वाईट वाटत होतं, हे खरं आहे. पण हेही खरं आहे की खोडताना हात थरथरला नाही. एक शब्द बदलला की वाक्य किती स्वच्छ दिसतं, असंही क्षणभर वाटून गेलं.

तुमची बाजू ऐकून घेतली असं हेडसर म्हणाले. तुम्ही काय सांगितलंत ते कुणालाच नीट कळलं नाही, कारण तुम्ही रागावलात की तुमचे शब्द आणखी अडखळायचे, आणि ते ऐकून समोरच्यांची खात्री पटायची. शेवटी तुम्ही स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज दिलात. निरोपसमारंभ नको म्हणालात. शेवटच्या दिवशी मी मुद्दाम तास संपल्यावरही वर्गात रेंगाळले. शिक्षकखोलीत आले तेव्हा तुमचे खण रिकामे होते आणि माझ्या खणावर कुणाचा तरी चहाचा कप ठेवलेला होता, भरलेला, थंड झालेला. तो कुणाचा होता, हे मी आजतागायत ठरवलेलं नाही.

दीड वर्षाने कळलं. महाडच्या बाजारात तुमच्या शेजारची बाई भेटली. सर अंथरुणाला खिळलेत, म्हणाली, मुंबईला दाखवून आणलं. मी तशीच तुमच्या घरी आले. काकूंनी दार उघडलं आणि मला मिठीच मारली. स्वयंपाकघरात नेऊन पाटावर बसवलं, चुलीसारखाच तापलेला होता गॅसचा ओटा, दूध आटवत होत्या तुमच्यासाठी. डॉक्टरांनी सांगितलेलं त्या पाठ केल्यासारखं सांगत होत्या. मेंदूचा मागचा भाग, तोल सांभाळणारा, तो आकसत चाललाय. औषध नाही. पाच-सहा वर्षांपासून असणार, डॉक्टर म्हणाले. "असणार, म्हणाले," काकू पुन्हा म्हणाल्या, "म्हणजे शाळेत होते तेव्हापासूनच की गं."

अनुमस्तिष्क, सर. शरीराचा तोल सांभाळणे हे कोणाचे कार्य? एका गुणाचा प्रश्न. ज्या आठवड्यात मी तो जबाब लिहिला, त्याच आठवड्यात कदाचित मी तो धडा शिकवत असेन. दरवर्षी शिकवतच होते.

बाहेरच्या खोलीत तुम्ही खिडकीजवळ बसला होतात, पाठीला दोन उशा लावून. मला ओळखलंत. शब्द एकेक करून, मधे बराच वेळ घेऊन बाहेर येत होते. "दहावीचे... प्रयोग... झाले?" झाले सर, म्हटलं. "वह्या?" तपासतेय, म्हटलं. मी सांगायलाच आले होते. एसटीत बसल्यापासून वाक्य जुळवत होते. काकू आत गेल्या तेव्हा मी खुर्ची पुढे ओढली, आणि माझ्या आधी तुम्हीच बोललात.

"स्पिरिट... सांडायचं... माझ्याकडून. तुला... वास... यायचा ना?"

तुमचे डोळे तेवढे पूर्वीसारखे होते. माझ्याकडे रोखलेले नव्हते, नुसते उघडे होते. नळीतलं पाणी पिऊन तुम्ही जसं बघितलं होतंत, तसे.

"नाही सर," मी म्हटलं. "मला कधी नाही आला."

तुम्ही मान हलवलीत. ती मान हो म्हणायला हलली की आजाराने हलली, ते मला कळलं नाही. मग काकू दूध घेऊन आल्या आणि मी तुम्हाला चमच्याने दूध पाजलं. हनुवटीवर ओघळलेलं पुसलं. पुढच्या रविवारी येते, म्हणून निघाले. आले नाही. परीक्षा होत्या, पेपर होते, आईचं ऑपरेशन होतं. मग तुम्ही गेल्याचा निरोप आला, आणि सावित्रीकाठी तुमच्या चितेसमोर मी सगळ्यांच्या मागे उभी होते. शाळेतून तिघेच आलो होतो. हेडसरही होते, निवृत्त झाले होते तोवर. परतताना ते मला म्हणाले, "आपल्याला काय माहीत होतं हो." माहीत नव्हतं, हे तर कागदावर पहिल्यांदा मी बरोबरच लिहिलं होतं.

तुम्ही तो जबाब पाहिला होतात का, हे मला माहीत नाही. चौकशीत कागद तुमच्यासमोर ठेवले होते असं कारकून म्हणतो. नावं झाकली होती असंही म्हणतो. नावं झाकली तरी माझं अक्षर तुम्ही ओळखणारच, नववीपासून लाल शाईने तपासलंय तुम्ही ते. मग 'मला वास नाही आला' हे ऐकताना तुम्हाला काय वाटलं असेल? की कागद तुम्ही वाचलाच नाहीत, अपमान वाटून तसाच परत सरकवलात, आणि तो प्रश्न फक्त एका आजारी माणसाने आपल्या विद्यार्थिनीला विचारलेला साधा प्रश्न होता? मी दोन्हीकडून विचार करून बघते. दोन्हीकडच्या फांद्यांना काड्या आहेत, सर. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, मग थांब, लिहू नकोस. मी थांबले आहे. पण थांबल्याने बरं वाटत नाही.

माझ्या जबाबाचा तो कागद अजून शाळेत आहे. गेल्या जूनपासून मी प्रभारी मुख्याध्यापिका आहे, कपाटाची किल्ली माझ्याकडे असते. फाईल काढून मी एकदा पाहिली. रेघ सरळ आहे, पट्टीने मारल्यासारखी. त्याखाली आता काही लिहायचं तर काय लिहू, आणि कुणासाठी? तुमच्या मुलाला पाठवावा का? तो नाशिकला असतो, वडील आजाराने निवृत्त झाले असंच त्याला माहीत आहे. काकूंनी त्याला तेवढंच सांगितलंय.

आणि काकू. दर उन्हाळ्यात त्या मला पोह्यांचे पापड पाठवतात, महाडहून येणाऱ्या कुणाच्या तरी हाती, स्टीलच्या डब्यात. पहिल्या वर्षी सोबत चिठ्ठी होती. "हे नेहमी म्हणायचे, त्या अख्ख्या शाळेत एकटी तीच माझ्या बाजूने होती." असं तुम्ही खरंच म्हणालात, की काकूंनीच माझ्या त्या एका भेटीवरून तसं ठरवलं, तेही मला माहीत नाही. दरवर्षी मी ठरवते की डबा परत द्यायला स्वतः जायचं, ओट्याशी बसायचं आणि सांगून टाकायचं. दरवर्षी डबा धुऊन, त्यात आमच्या शेतातली नाचणी भरून, महाडला जाणाऱ्या कुणाच्या तरी हाती पाठवते.

या वर्षीचा डबा मागच्या आठवड्यात आला. रात्री काकूंचा फोन. "अगं, पापड पोचले का? या खेपेला हात दुखतो म्हणून जरा जाड झालेत."

"पोचले काकू. छान झालेत," मी म्हटलं.

ते मी तोवर उघडलेही नव्हते. फोन ठेवल्यावर उघडले, चार भाजले, आणि उभ्या उभ्याच सगळे खाल्ले.